चोत्तो: घर नाकारायची जपानी आणि मराठी पद्धत

जपानला मी साकुराचा, म्हणजे चेरीचा बहर बघायला गेले नव्हते. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे गुलाबी फोटोंच्या आशेनं आलेल्या मंडळींना वेळेत परत फिरता येईल. फेब्रुवारीच्या शेवटी विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं, कारण त्या दिवसांत झाडांवर पानसुद्धा नसतं आणि वारा कुणी सुपारी दिल्यासारखा नेमका कानांवर मारतो.

मी गेले होते मोर्चाला.

माझा धाकटा भाऊ मंदार पंधरा वर्षांपासून तोक्योजवळ ग्योतोकुला राहतो. जानेवारीत त्याचा फोन आला. म्हणाला, ताई, या वेळी ये, आम्ही मोर्चात गाणार आहोत. मंदार आणि मोर्चा! कॉलेजात असताना शहर बंद असलं की हा दिवसभर गच्चीवर क्रिकेट खेळायचा आणि संध्याकाळी विचारायचा, बंद कशासाठी होता? पण झालं होतं असं, की त्यानं आणि त्याच्या बायकोनं, केतकीनं, मोठं घर शोधायला घेतलं आणि ओळीनं सात घरमालकांनी परदेशी म्हणून नकार दिला. सातव्या नकारानंतर माझ्या भावाला जगात वंशभेद असल्याचा शोध लागला. स्वतःच्या बोटाला चिमटा बसेपर्यंत दार कसं असतं ते कळत नाही. आमच्या घराण्यात तर नाहीच.

मोर्चा वंशभेदाविरुद्ध होता आणि गाण्यांचा होता. ट्रकवर लाउडस्पीकर, मागून माणसं, आणि ज्या त्या समाजानं आपापली लढ्याची गाणी म्हणायची. मराठी मंडळाला दहा मिनिटं मिळाली होती.

निघायच्या आदल्या दिवशी दोन कामं केली. एक, थालीपिठाची भाजणी दळून आणली. दुसरं, आमच्या आईचा कोथरूडचा फ्लॅट रिकामा झाला होता, त्याचं एजंट दळवींना सांगितलं. जाहिरात तीच चालू द्या, म्हटलं. मजकूर सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलेला, चांगला आटोपशीर आहे.

ग्योतोकु

नारिताहून दोन गाड्या बदलून दीड-दोन तासांत ग्योतोकु येतं. विमानतळावरच वाहतुकीचं कार्ड घ्या आणि त्यात तीन हजार येन भरा, म्हणजे दर वेळी तिकिटाच्या यंत्रापुढे निबंध वाचत उभं राहावं लागत नाही. तोझाई लाइनच्या या उपनगरात भारतीय इतके वाढलेत, की स्टेशनबाहेर पाच मिनिटांत कढीपत्ता मिळतो आणि दहा मिनिटांत 'कोणत्या कंपनीत?' हा प्रश्न. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवा: कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, ओनिगिरी, म्हणजे भाताचा मूठभर गोळा, घ्यायची तर आंबट प्लमची घ्या. बाकी सगळ्यांत मासा लपलेला असतो.

पहिल्या दिवशी माझी भाची इरा हिनं मला कचरा शिकवला. तेरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं समोरचीला कळलं. जळणारा कचरा मंगळवारी, प्लास्टिक गुरुवारी, बाटलीचं झाकण वेगळं, बाटलीवरचा कागद वेगळा. माणसांची इतकी काटेकोर वर्गवारी करणारे आपण, पण बाटलीपुढे मी हरले.

दुसऱ्या दिवशी मोर्चाच्या तयारीची बैठक होती. तिथे विद्याधरकाका भेटले. बासष्ट वर्षांचे, जपानात पंचवीस वर्षं, मंडळाचे आधारस्तंभ वगैरे. त्यांचं आडनाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुम्ही ते मनातल्या मनात शोधायला लागला असाल, तर ही सवय पुढे लागणार आहे, जपून ठेवा.

काकांची एक गोष्ट ग्योतोकुत सगळ्यांना पाठ आहे. ते नवे आले तेव्हा एजंटबरोबर घरं बघत हिंडायचे. एजंट त्यांच्यासमोर मालकाला फोन लावायचा, अदबीनं सांगायचा की गिऱ्हाईक गाइकोकुजिन, परदेशी आहे, आणि मग पलीकडचं ऐकून दातांतून हवा आत ओढायचा. स्स्स. आणि म्हणायचा, "चोत्तो…" चोत्तो म्हणजे 'जरा'. जरा काय, ते कधीच सांगत नाहीत. जरा अवघड, जरा नको, जरा तुमचं तोंड. वाक्य पुरं करायचं काम ज्याला हाकललं त्याच्यावर. काका ती हवा इतकी हुबेहूब ओढतात, की लोक हसून लोळतात. अकरा घरं नाकारली गेली, बाराव्यात ते शिरले, आणि पुढे त्यांनी ग्योतोकुत दोन फ्लॅट विकतच घेतले. एकात राहतात, दुसरा भाड्यानं देतात. फक्त मराठी माणसांना. आपल्याला जे भोगावं लागलं ते आपल्या माणसाला लागू नये, म्हणतात.

तो दुसरा फ्लॅट मार्चअखेर रिकामा होणार होता आणि प्रशांत गायकवाडला मिळणार होता.

प्रशांत सेंदाईच्या विद्यापीठात संशोधक होता. अडतीस वर्षांचा. तोक्योला नवी नोकरी मिळाली होती, एप्रिलपासून. बायको, सहा वर्षांची मुलगी. मुलगी एप्रिलमध्येच पहिलीत जाणार, आणि इथे ज्या भागात घर त्याच भागातली सरकारी शाळा. म्हणजे घर नाही तर शाळा नाही. एजंटांकडून त्याला पाच 'चोत्तो' मिळाले होते. मग मंडळाच्या दिवाळीत काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, दिला म्हणून समज. मोर्चातलं गाणंही तोच म्हणणार होता, हलगीवर. मंडळात हलगी वाजवता येणारा तो एकटाच. बाकीच्यांना पेटी येते.

(प्रशांत हे त्याचं खरं नाव नाही. आडनावही बदललंय, पण मूळचंही असंच, ऐकून काही कळू नये असं. हे सगळं त्याला वाचून दाखवून लिहितेय. त्यानं दोन वाक्यं काढायला लावली. या वेळी काढली.)

ओसाका

मला ओसाकाचा किल्ला बघायचा होता आणि मंदारला सुट्टी नव्हती. प्रशांतच्या हलगीचं कातडं सेंदाईच्या कोरड्या हिटरनं फाटलं होतं आणि तो ते बदलायला ओसाकाला चालला होता. मंदारनं दोन्ही पार्सलं एकत्र पाठवली.

शिनकान्सेनचं, म्हणजे बुलेट ट्रेनचं, एका बाजूचं भाडं साडेचौदा हजार येनच्या आसपास. जाताना उजवीकडची खिडकी घ्या, तिकडून फुजी दिसतो. आम्हाला ढग दिसले. फुजी न दिसल्यामुळे बोलायला वेळ मिळाला, आणि मी आपल्या पद्धतीनं सुरू झाले. गाव कोणतं? सोलापूरकडचं. अच्छा, म्हणजे मूळचे तिथलेच का? घरी कोण कोण? आजोबा काय करायचे?

प्रशांत हसला. म्हणाला, "ताई, नागोया गेलं तरी तुम्ही विचारलं नाहीत, म्हटलं तब्येत बरी नाही की काय."

मला लाज वाटल्याचं मी दाखवलं. मग त्यानंच सांगितलं. आजोबा जलशात शाहीर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वस्तीवस्तीतून, गावोगाव फिरून माणूस म्हणून जगण्याच्या हक्काची गाणी म्हणणारी दलित शाहिरांची मंडळी, तो जलसा. दिवसा आजोबा कातडं कमवायचे, हलग्या चढवायचे. रात्री गायचे. पाच कडव्यांचं एक गाणं त्यांनी स्वतः बांधलं होतं आणि तेच प्रशांत मोर्चात म्हणणार होता. डब्यात आवाज करायचा नसतो म्हणून त्यानं ते मला जवळजवळ कुजबुजून म्हणून दाखवलं, बोटांनी समोरच्या ट्रेवर ठेका धरून:

*वेशीवरच्या दिव्या, तुझा उजेड कुणासाठी रं?*
*गावकुसाच्या बाहेर माझी रात कुणासाठी रं?*

मी मंडळात कुणाला माहीत आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, "लपवायचं काही नाही ताई. पण चाव्या हातात येईपर्यंत आपणहून सांगत पण नाही."

मी म्हटलं, बरोबर आहे. हे दोन शब्द मी म्हटले होते, याची नोंद असू द्या.

ओसाकाला उतरून आम्ही लोकल पकडली आणि ढोल बनवणाऱ्यांच्या एका जुन्या वस्तीत गेलो. तिचं नाव लिहीत नाही, कारण दुकानातल्या आजोबांनी लिहू नका म्हणून सांगितलं. स्वच्छ रस्ते, साधी घरं, मुलांचं मैदान. काही वेगळं दिसेना. तेच तर, आजोबा म्हणाले, दिसत काहीच नाही, म्हणून लोक पत्त्यावरून ओळखतात. पिढ्यान्‌पिढ्या जनावर सोलणारी, कातडं कमवणारी माणसं इथली. त्यांच्या नातवानं नोकरीच्या अर्जावर मामाचा पत्ता घातला होता. जत्रेचा मोठा ढोल देवाचा, पण तो चढवणाऱ्यानं देवळापासून लांब राहायचं, हे त्यांच्या वडिलांपर्यंत चालू होतं. हे सगळं ते हलगीला बोटांनी चाचपत, जराही आवाज न चढवता सांगत होते आणि प्रशांत मला मराठीत सांगत होता. दुकानात ओल्या कातड्याचा वास होता. मी रुमाल काढला आणि परत ठेवला.

मग आजोबांनी हलगी उजेडाकडे धरली, कडेचं जुनं चिकटवण बघितलं आणि विचारलं, तुमच्या देशात हे कोण बनवतं?

प्रशांत म्हणाला, "आम्हीच."

आजोबांनी मान वर केली. मग त्यांनी बकऱ्याची तीन कातडी आणून टेबलावर मांडली आणि प्रशांतनं निवडावं म्हणून स्वतः बाजूला झाले. त्याच्या हाताशी कुणी असं जागा सोडून उभं राहिलेलं मी आठवडाभरात दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

कातडं वाळायला चार दिवस लागणार होते, हलगी कुरिअरनं ग्योतोकुला येणार होती. मी संध्याकाळी किल्ला बघितला. आत लिफ्ट आहे. स्टेशनवर दळवींचा मेसेज आला: 'मॅडम एक पार्टी होती, पण आपल्याकडे जमणारी नाही, मीच परस्पर नाही सांगितलं.' मी अंगठा पाठवला. गाडी सुटत होती.

पिठलं-भाकरी

बुधवारी मंदारकडे विद्याधरकाका आणि सुलभाकाकू जेवायला आले. केतकीनं ज्वारीचं पीठ शोधून आणलं होतं. इरा हेडफोन लावून जेवत होती. काकूंनी विचारलं, काय काय बघितलं मग ओसाकाला?

आता मी गोष्ट चांगली सांगते. माझा धंदाच आहे तो. चार माणसं माझ्याकडे बघायला लागली की मला थांबता येत नाही. किल्ल्यातल्या लिफ्टचा विनोद झाला, तो बरा गेला. मग मी ढोलाच्या दुकानावर आले. वास, कातडी, नातवाचा खोटा पत्ता. काकूंचा घास हातात राहिला. मला कळलं, पकड बसली. शेवट माझ्याकडे होता आणि तो फार चांगला होता. जलसा, आजोबा, कमावलेलं कातडं, सगळं आलं, आणि मग मी एक क्षण थांबून, आवाज खाली आणून म्हटलं, "आणि प्रशांतनं काय सांगावं? 'आम्हीच'!"

टाळी पडलीच नाही.

काकू म्हणाल्या, अय्या, म्हणजे ते… आणि केतकीनं चटकन विचारलं, भाकरी वाढू का. काकांनी पाण्याचा घोट घेतला.

"गायकवाड म्हणजे मला वाटलं, साताऱ्याकडचे," ते म्हणाले. मग, सावरून, अगदी प्रेमानं: "पण कौतुक आहे हं. कुठून कुठे पोचली ही मुलं."

'ही मुलं' अडतीस वर्षांची आहेत आणि काकांना न कळणाऱ्या विषयात डॉक्टरेट आहेत. पण हे मला नंतर सुचलं. त्या वेळी मी कांद्याची फोड उचलली.

शुक्रवारी दुपारी हलगी आली. खोक्यात, तांदळाच्या कागदात, बाळासारखी गुंडाळून. तासाभरात काकांचा मंदारला फोन आला, मंदार भांडी घासत होता म्हणून स्पीकरवर. आधी गाण्याचं निघालं. पहिली दोन कडवी छान आहेत, तेवढीच घेऊ. दुसऱ्या ओळीतला 'गावकूस'ही बदलता आला तर बघा. आपण तिथे भारतीय म्हणून जातोय, तर घरातलं भांडण रस्त्यावर कशाला. आणि मग म्हणाले, ते फ्लॅटचं, प्रशांतला तू सांगशील का? सुलभाच्या भाचीचं इकडे यायचं चाललंय. म्हणजे नक्की नाही. पण तसं झालं तर मग…

आणि त्यांनी दातांतून हवा आत ओढली. स्स्स.

या वेळी नक्कल नव्हती. पंचवीस वर्षांत माणूस इथली भाषा शिकतोच.

मंदारनं नळ बंद केला आणि म्हणाला, हो काका, सांगतो. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ताई, त्यांचा फ्लॅट आहे. आपण काय करू शकतो?" सात मालकांच्या बाबतीत त्याला हे सुचलं नव्हतं. मग त्यानं हळूच विचारलं, "तुला कुणी सांगायला सांगितलं होतं?" आणि परत नळ सोडला.

मोर्चा

रविवारी दुपारी एक वाजता एका स्टेशनजवळच्या बागेत जमायचं होतं. जपानी मोर्चाला जायचं असेल तर जाड मोजे घाला आणि संयम बरोबर न्या. मोर्चाला रस्त्याची एकच मार्गिका मिळते, पोलीस दोरी धरल्यासारखे बाजूनं चालतात, आणि लाल सिग्नलला क्रांती थांबते. हिरवा झाला की परत घोषणा. समोरच्या फुटपाथवर झेंडे घेतलेली वीसेक माणसं कर्ण्यातून ओरडत होती. इरानं सांगितलं, "परत जा म्हणतायत." मग जरा विचार करून जपानीत काहीतरी म्हणाली. केतकीनं भाषांतर केलं: ती विचारतेय, मी कुठे परत जाऊ, मी तर इथेच जन्मले.

प्रशांत येणार नाही असं मी धरून चालले होते. तो सेंदाईहून सकाळच्या गाडीनं आला. एकटाच. मला बघून म्हणाला, काय ताई, गारठलात का, आणि हलगी मागितली. हलगी विस्तवावर शेकल्याशिवाय बोलत नाही आणि तोक्योच्या बागेत शेकोटी पेटवली तर आधी तुम्ही आत जाल. त्यानं कोनबिनीतून काइरो आणले होते, थंडीत लोक अंगाला चिकटवतात ती गरम पाकिटं. सहा पाकिटं हलगीच्या आतून चिकटवून ती जॅकेटात पोटाशी धरून तो उभा राहिला. दहा मिनिटांनी काढून बोटानं टिचकी मारली. टण्ण. नवं कातडं चढलं होतं.

ट्रकवर आधी चिबात इंग्रजी शिकवणारी एक उंच, काळी अमेरिकन बाई गायली. तिच्या आजीच्या चर्चमधली, मालकांना उत्तर देणारी गाणी. आवाज असा, की फुटपाथवरचा कर्णा दोन मिनिटं स्वतःच बंद झाला. मग पिढ्यांपासून जपानात राहणाऱ्या कोरियन घरांतल्या बायकांचे ढोल झाले. मग मराठी मंडळ.

आधी विद्याधरकाका बोलले. सुंदर बोलले. अस्खलित जपानीत त्यांनी अकरा घरांची गोष्ट सांगितली. हवा ओढली. लोक हसले, मग गप्प झाले. शेवटी ते म्हणाले, माणसाला घर देताना त्याचा जन्म कुठला ते विचारू नका. टाळ्या थांबेनात. बाजूच्या म्हाताऱ्या जपानी बाईंनी डोळे पुसले. मी काकांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते, कुठे काही खटकतंय का. काही नाही. माणूस मनापासून बोलत होता. तेच जास्त भयंकर होतं.

मग प्रशांत चढला. काकांनी जाता जाता त्याला दोन बोटं दाखवली. दोन कडवी.

त्यानं पाचही म्हटली.

पहिल्या कडव्याला कोरियन बायकांनी ठेका पकडला. दुसऱ्याला ती अमेरिकन गायिका खालून धृपद धरायला लागली, शब्द चुकीचे, सूर नेमका. तिसरं आलं:

*माझ्या हातानं चढली हलगी, देवापुढं वाजली,*
*देवाची पायरी माझ्या सावलीला का लाजली?*

पाचशे माणसं टाळ्या देत होती. त्यांतल्या कुणालाही एक शब्द कळत नव्हता. शब्द कळत होते ते आम्हा पंचवीस-तीस जणांना, आणि आम्ही मोबाइल बघत होतो. कुणी बॅनरची काठी सरळ करत होतं. सुलभाकाकू पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. काका मात्र टाळ्या वाजवत होते, कारण समोर कॅमेरा होता.

इरानं माझी बाही ओढली. या वेळी मराठीत विचारलं, अडखळत. "आत्या, गावकूस म्हणजे काय?"

"गावाभोवतीची भिंत," मी म्हटलं.

"मग तो बाहेर का राहतो?"

सिग्नल हिरवा झाला होता, पोलीस पुढे चला म्हणून हात करत होते. मी म्हटलं, चल, मागे राहू आपण. बुधवारी मला कुणी विचारलं नव्हतं तर मी सगळं सांगून टाकलं. रविवारी पोरीनं विचारलं, तर भिंतीपाशीच थांबले.

मोर्चा संपल्यावर ती अमेरिकन बाई प्रशांतला शोधत आली. गाणं कशाबद्दल आहे, तिनं विचारलं. तो म्हणाला, घराबद्दल. ती हसली. म्हणाली, मग मला येतं हे गाणं.

स्टेशनवर

त्याची सेंदाईची गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. यंत्रातून आम्ही गरम कॉफीचे दोन डबे घेतले. डबे हात शेकायलाच बरे, कॉफी भयंकर गोड असते. मी माफी मागायला सुरुवात केली. वाक्यं चांगली होत होती, म्हणून मध्येच थांबले.

"तुम्ही खोटं काहीच सांगितलं नाहीत ताई," तो म्हणाला. "रागावलो नाही असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही नसतं सांगितलं, तर तिथे राहायला गेल्यावर मी भिंतीवरचे फोटो काय उतरवून ठेवले असते? कळलंच असतं कधीतरी."

मला जरा हलकं वाटलं. मी म्हटलं, म्हणजे चाव्या मिळूनही काही उपयोग…

"मिळाल्या असत्या," तो म्हणाला. "करार झाला असता. दोन वर्षं कुणी काढू शकलं नसतं. पोरगी एप्रिलमध्ये ग्योतोकुच्या शाळेत गेली असती. दप्तर घेऊन ठेवलंय तिचं, लाल. तेवढं झालं असतं."

मग त्यानं माझ्या हातातला रिकामा डबा घेतला, झाकणाची कडी बघितली आणि नेमक्या पेटीत टाकला.

घरी

परत येऊन तीन महिने झाले. प्रशांत तोक्योत एका खोलीत राहतो, स्वयंपाकघर सहा माणसांत एक, आणि शनिवार-रविवार सेंदाईला जातो. अकरा हजार येन एका बाजूचे. लाल दप्तर सेंदाईच्याच शाळेत जातं. सुलभाकाकूंची भाची आली नाही. फ्लॅट पुण्याच्या एका जोडप्याला दिला, फार चांगली माणसं आहेत, मंदार म्हणाला. मी आडनाव विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं. मोर्चाचा व्हिडिओ मंडळाच्या पानावर आहे. भाषण पूर्ण आहे, गाण्याची दोन कडवी आहेत.

मी इराला फोनवर गावकुसाबाहेर कोण आणि का, ते सांगितलं. वीस मिनिटं लागली. ती म्हणाली, "नारुहोदो." असं होय. पुढच्या महिन्यात काका जेवायला आले तेव्हा ती खोलीतून बाहेर आली नाही, असं केतकी सांगत होती. वयच असं असतं, म्हणाली.

आणि एक काम राहिलं होतं. ग्योतोकुहून परतल्यावर ती जाहिरात मी उघडून वाचली. सहा वर्षांपूर्वीचा माझा मजकूर. प्रशस्त, हवेशीर, स्टॉपपासून दोन मिनिटांवर. आणि शेवटची ओळ: 'फक्त शाकाहारी, सुसंस्कृत कुटुंबासाठी.' मी स्वतः दर रविवारी मटण खाते. आईनंतर त्या घरात देवही नाहीत. ती ओळ कशासाठी होती, ते मला लिहिताना माहीत होतं, दळवींना वाचताना माहीत होतं, आणि ज्यांनी वाचून फोन केला नाही त्यांनाही माहीत होतं. फक्त हवा ओढल्याचा आवाज लिहिता येत नाही.

मी दळवींना फोन केला. म्हटलं, ती शेवटची ओळ काढून टाका.

"काढतो की मॅडम," दळवी म्हणाले. "आजकाल लिहिलेलं बरं दिसतच नाही. तुम्ही काळजी करू नका, ओळ नसली तरी मी बघूनच पाठवीन."

"थँक यू," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

आपण काय म्हटलं ते कळायला मला अर्धं मिनिट लागलं. परत लावला, तर एंगेज होता. दळवी कुणाशी तरी बोलत होते, बहुतेक माझ्याच घराबद्दल.